बोर्डिंगातलं आमचं पोतं

पौष लागला की आमच्या घरात भांडण होतं. दरसाल होतं. यंदाही झालं.

नवी ज्वारी घरात आली. ओसरीत पोती लागली. कोरड्या कडब्याचा तो वास, नाकात जाऊन बसणारा तो भुसा, सगळं नेहमीसारखं. अन् सुनेनं एका पोत्याचं तोंड सोडलं आणि ते सरळ मागल्या सालच्या ज्वारीच्या ड्रमात ओतायला घेतलं. मी खाटेवरून ओरडलो, "मिसळू नको!"

"काहून जी, मामाजी? एकाच वावरातली तं हाय."

आता याला काय जवाब द्यावा? जुनी ज्वारी अलग, नवी ज्वारी अलग. जुनीची भाकर वेगळी थापावी लागते, नवीची वेगळी. एवढं समजत नाही या पोरींना. पण तिनं जे म्हटलं ना, एकाच वावरातली तं हाय, ते वाक्य मी लहानपणी ऐकलेलं आहे. त्या वाक्यानं माझी शाळा गेली. म्हणून मी गप बसलो. सुनेला वाटलं, म्हातारा हरला. हरला नाही. म्हातारा बोर्डिंगात जाऊन पोचला होता.

ज्वारी आता पेरतं कोण? आमच्या शिवारात जिकडं पाहा तिकडं सोयाबीन आणि कपाशी. वरुडाकडे, शेंदूरजनाघाटाकडे गेलं तर संत्रं. मी एकटा धुऱ्याकडची, बांधालगतची पट्टी ज्वारीला ठेवतो. पाखरं खातात, रानडुकरं लोळतात, पोरगा डोकं धरून बसतो. म्हणते, बाबा, इकत आणू ना. आण म्हटलं, तू खाय इकतची. मी माझ्या वावरातली खातो. हा हट्ट माझ्या बापाचा आहे. दुसरं काही त्यानं मला फार दिलं नाही, जमीन अन् हट्ट.

मी बोर्डिंगात राहिलो तो एकच पावसाळा आणि अर्धा हिवाळा. माझं लिहिणं-वाचणं आहे ते त्या मुदतीतलं. त्याच्या आधीची गावची शाळा म्हणजे मारुतीच्या पारावर चिंचोके खेळणं. तेव्हा हे जे लिहून राहिलो, त्यात चुका निघतील. ज्याला काढायच्या त्यानं काढाव्यात.

चांदूर बाजारापासून बैलगाडीच्या वाटेवर आमचं गाव. घरात अक्षर ओळखणारं कोणी नव्हतं. बाहेरचा माणूस गावात आला, टोपी घालून, कागद घेऊन, की बाबा उभेच राहत. बसत नसत. कास्तकार माणूस, काळ्या मातीचा मालक, ओसरी स्वतःची, तरी उभा. ते त्यांना सलत असणार. म्हणून ठरलं की किसन्या शिकेल. अमरावतीला बोर्डिंगात राहील, हायस्कुलात जाईल, मास्तर होईल, अन् असा कोणी आला की त्याच्यासमोर खुर्चीवर बसून बोलेल. मलाही ते पसंत होतं. मला मास्तर व्हायचंच होतं. पाटीवर माझा 'क' पाहून गावच्या गुरुजींनी पाठ थोपटली होती. तेवढ्यावर पोरगं मास्तर व्हायची स्वप्नं पाहतं. पोराला काय लागते?

आमच्याच गावचा सहदेवही त्याच बोर्डिंगात. त्याच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला एखाद-दोन वर्षं झाली असतील. त्याची माय आमच्या वावरात निंदण-सोंगणीला येई. गावात सहदेवचं घर खालच्या अंगाला अन् आमचं वरच्या. बोर्डिंगात त्याची सतरंजी माझ्या सतरंजीला लागून. बोर्डिंगाच्या सुपरडंट गुरुजींनीच लावून दिली होती तशी. गावात जे अंतर होतं ते त्यांनी एका सतरंजीच्या किनारीवर आणून ठेवलं. चांगलं केलं. पण ते जे करत ते असं करत की समोरच्याला आधी राग यावा, अन् मग वर्षांनी समजावं की चांगलं होतं. तोवर समोरचा मरून जातो.

बोर्डिंगाचं कवतिक मला सांगू नका. दर हिवाळ्यात जुन्या पोट्ट्यांचा मेळावा होते अमरावतीत. एकदा गेलो मी. एकेक जण उभा राहतो, म्हणतो, "काय ते दिवस! काय ते संस्कार!" मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच बोर्डिंगाच्या मेळाव्यात आलो. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून म्हटलं, "वरणात डाळ नव्हती." अन् बसलो. त्यानंतर बोलावणं येणं बंद झालं.

नव्हतीच डाळ. वाटीत पाहिलं तर आपलंच तोंड दिसे. पहाटे विहिरीवर आंघोळ. पहिली बादली अंगावर घेतली की श्वास वर जाई अन् तिथंच राही. आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा कडूलिंबाला टांगलेला होता, त्यावर हातोडी मारली की घंटा. उठायची घंटा, प्रार्थनेची घंटा, जेवायची घंटा, झोपायची घंटा. घरी माणूस भूक लागली म्हणून जेवते. बोर्डिंगात घंटा झाली म्हणून भूक लागून घ्यावी लागे. अन् त्या घंटेवर कडी म्हणजे जिनिंगाचा भोंगा. कापसाचा हंगाम सुरू झाला की भोंगा घंटेच्या आधीच वाजे, मग पोरं उठून बसत, मग सुपरडंट गुरुजी ओरडत, "घंटेशिवाय उठायचं नाही!" आता जागी झालेली पोरं परत झोपणार कशी? पण नियम म्हणजे नियम. आम्ही डोळे मिटून, जागे, घंटेची वाट पाहत पडून राहत असू.

तरी पौषातलं एक सांगतो. बोर्डिंगासमोरून कापसाच्या गाड्यांचा रस्ता होता. गोणपाटाच्या बोंदऱ्यांनी बांधलेल्या, घराएवढ्या उंच गाड्या सकाळच्या धुक्यातून येत. बैलांच्या नाकातून वाफा. रस्त्याच्या बाजूला बाभळी, अन् गाड्या घासून गेल्या की बाभळीच्या काट्याकाट्याला कापूस लटकून राही. लांबून वाटे, बाभळीला पांढरा बहार आला. आम्ही पोरं शाळेतून येताना तो कापूस वेचायचो. काट्यातून सोडवायचा म्हणजे बोटं रक्ताळत. सहदेवनं अन् मी मिळून जुन्या सदऱ्याची खोळ करून एक उशी भरली. दोघांच्या सतरंज्यांच्या मधोमध ठेवायचो. गावोगावचा कापूस त्या उशीत. कोणाच्या वावरातला कोणता, काय माहीत. झोप चांगली लागे, एवढं खरं.

आता मुद्द्यावर येतो.

बोर्डिंगात जेवणाचा असा रिवाज होता की पोरानं आपल्या घरची ज्वारी आणावी. जूनमध्ये शाळा उघडताना जुनी, अन् पौषात नवी. सगळ्यांची ज्वारी एका मोठ्या कोठीत पडे. त्यातूनच दळण, त्यातूनच भाकरी. स्वयंपाकाला चंद्रभागाबाई, तोंडानं फटकळ, हातानं सढळ. तिची भाकर म्हणजे कोणाच्या गावची नव्हे, सगळ्या गावांची. मला ती चांगली लागे. हे मी बाबाला कधी सांगितलं नाही, कारण विचारलं नाही.

बाबांना मात्र त्या कोठीनं जूनपासून झोप नव्हती. "आपल्या नदीकाठच्या गंगथडीच्या वावरातली मोत्यासारखी ज्वारी, अन् ते कोण्या मुरमाड बरडावरच्या लाल ज्वारीत घालते? आपलं पोट्टं लोकायची ज्वारी खाईल?" गावभर सांगून झालं. माय म्हणे, "पोटात गेल्यावर काय लाल अन् काय पांढरी?" तर मायवर उखडत. कपाशीचं वाण चुकलं तर माणूस हसून सोडून देई, पण ज्वारीला कोणी नाव ठेवलं तर आमच्या घराला नाव ठेवल्यासारखं. ज्वारी म्हणजे बाबांची अक्कल, मेहनत, इज्जत, सगळं त्या दाण्यात.

कापूस चांदूर बाजारातही विकला गेला असता. पण बाबाला अमरावतीचाच बाजार पाहिजे. त्या पौषात एका रविवारी बाबा कापूस विकून, गाडीत उरलेलं नव्या ज्वारीचं पोतं घेऊन बोर्डिंगात आले. पटक्याला, मिशांना, भुवयांना कापसाचे तंतू. मी धावत गेलो. बाबांनी मला पाहिलंच नाही. गाडी सोडली, पोतं पाठीवर घेतलं, सरळ सुपरडंट गुरुजींच्या समोर नेऊन उभं केलं.

"गुरुजी, हे माह्या पोट्ट्याची ज्वारी. हे अलग ठेवा. याचीच भाकर त्याले द्या."

सुपरडंट गुरुजी पुण्याकडचे. खादीचा सदरा, पांढरी टोपी, बोलणं शिस्तीचं. म्हणाले, "हे पाहा, बोर्डिंगात माझं-तुझं चालत नाही. सगळ्यांचं एकत्र."

"माहं-तुहं नाई जी. मी ज्वारीचं म्हणून राहिलो."

"ज्वारी ती ज्वारी. तव्यावर गेली की सगळी सारखी."

हे ते बोलले नसते तर बरं झालं असतं. दुसरं काहीही बोलायचं होतं. नियमात बसत नाही म्हणायचं, चूल एकच आहे म्हणायचं. बाबा ऐकून घेऊन, कुरकुर करून गेले असते. पण ज्वारी ती ज्वारी? वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या तोंडावर?

बाबा ताठ झाले. "सारखी कशी? मी माही ज्वारी डोये बांधून वळखीन."

"असं?" गुरुजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत एकदम लहान पोरासारखी चमक आली. ती चमक मला अजून दिसते अन् अजून राग येतो. अरे, तुम्ही शिकलेले, तुम्ही तरी थांबा! पण नाही. "चला, पाहूच. ओळखली तर तुमचं पोतं वेगळं ठेवतो. नाही ओळखली तर कोठीत. कबूल?"

"कबूल."

अन् मी? माझी ज्वारी, माझं पोट, माझी शाळा. मला कोणी विचारलं, किसन्या, तुले कबूल काय?

त्या दिवसांत नवी ज्वारी येऊन पडलेली होती, पण कोठीत गेली नव्हती. पोरापोरांची पोती भिंतीला टेकून उभी होती. गुरुजींनी त्यातली काही निवडली, आमचंही त्यात. चंद्रभागाबाईनं प्रत्येकाचं थोडं थोडं जात्यावर अलग दळलं. सगळा वेळ तिचं तोंड चालूच, "भाकरीची परीक्षा घेऊन राहिले! पोट्ट्यायची घेनं सरली वाटते." चुलीत तुराट्या तडतडत होत्या. धूर परसात पसरला होता. रविवार असल्यानं सगळी पोरं गोल करून उकिडवी बसली. कोणती भाकर कोणाची, हे एकट्या चंद्रभागाबाईला ठाऊक. बाबा मधोमध मांडी घालून बसले, पटका मांडीवर, शेंडी उघडी. मला लाज वाटत होती की अभिमान, हे तेव्हाही कळलं नाही.

पहिला तुकडा तोंडात घातला, चावला. "हे बरडावरची. दाना बारीक." एक पोरगं बोललं, "हो जी, आमचं वावर बरडच हाय." पोरांत कुजबुज. दुसरा तुकडा. "ह्या ज्वारीचं कनिस उभं असताना पानी पडलं. काळी पडली असन." एक मोर्शीकडचा पोरगा तोंड उघडून पाहत राहिला. "हो, अवकाळी आला होता." आता पोरं पुढं सरकली. गुरुजी भिंतीचं टेकणं सोडून सरळ झाले. बाबा पाण्याचा घोट घेत, पुढचा तुकडा घेत, डोळे मिटून चावत. मला वाटलं, आता माझा बाप या सगळ्या बोर्डिंगाला दाखवतो. त्या घटकेला मला मास्तर व्हायचं नव्हतं. मला बाबासारखं व्हायचं होतं.

पुढची भाकर. बाबा चावत राहिले, थांबले, परत चावलं. चेहरा सैल झाला. घरी गेल्यासारखा.

"हे. हे माही. टोपलं ठेव बाई आता. बाकीच्या चाखाची गरज नाई."

चंद्रभागाबाईनं आधी गुरुजींकडं पाहिलं, मग पदरानं हात पुसले. "हे सहदेवची हाय."

आमची भाकर टोपल्यात तशीच राहिली होती. तिच्यापर्यंत बाबा पोचलेच नव्हते.

बाबांच्या तोंडात घास तसाच. वरच्या अंगाचा माणूस, सगळ्यांसमोर, खालच्या अंगाच्या घरातली भाकर आपली म्हणून मोठ्यानं सांगून बसलेला. तो घास त्यांनी गिळला. थुंकला नाही, हे मी पाहिलं. हे लिहून ठेवतो, कारण पुढं गावात वेगळं सांगितलं गेलं.

मग सहदेव उठला. तो बोलला नसता तरी चाललं असतं. पण त्याला वाटलं, आपण काकाची लाज राखावी. म्हणाला, "काका, तुमी बराबर वळखली. एकाच वावरातली तं हाय. माय तुमच्याच सोंगनीले होती ना. खळ्यावर तुमीच पायली भरून देल्ली मजुरीची. तेच ज्वारी मी आनली."

खरंच होतं ते. बाबांनीच आपल्या हातानं मापून दिली होती. पण मजुरीत दिलेली ज्वारी बाबांच्या मनात आपली राहिलीच नव्हती. दिली, संपली. ती कोणाच्या घरी जाते, कोणाच्या पोराबरोबर शहरात येते, असा विचार कोणता मालक करतो?

बाबांचा चेहरा उजळला. "पाहा! मंग मी बराबर सांगतलं! माही ज्वारी मी वळखली. मी जितलो. ठेवा माहं पोतं अलग."

आता गुरुजींनी हसून 'जिंकलात' म्हणायचं की नाही? पोरंही हसली असती. बाबांनी चहा घेतला असता. पोतं दोन दिवस अलग ठेवून तिसऱ्या दिवशी कोठीत ओतलं असतं तर बाबा काय गावाहून पाहणार होते? पण नाही. गुरुजींना खरं बोलायची खोड होती, अन् खरं बोलणारा माणूस घराला अन् गावाला फार जड जातो.

ते म्हणाले, "म्हणजे तुमची ज्वारी आणि सहदेवची ज्वारी एकच आहे, हे तुम्हीच सांगता?"

"एकच. हे काय, खाऊन सांगतलं ना."

"मग वेगळं ठेवायचं काय आणि कशापासून?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, सहदेवकडं पाहिलं, त्या टोपल्याकडं पाहिलं. जवाब नव्हता. खरंच नव्हता. मी आज म्हातारा झालो, मला अजूनही सापडला नाही. अन् आमच्याकडं जवाब सरला की माणूस बैल जुंपतो.

"किसन्या, पेटी आन."

"काहून जी, बाबा?"

"आन म्हटलं ना!"

गुरुजी म्हणाले, "मुलाचं नुकसान करू नका. परीक्षा तोंडावर आहे. राहू द्या त्याला."

"माहं पोट्टं हाय. तुमच्या कोठीतली ज्वारी नोहे, सगळ्यायची एक कराले."

पत्र्याची पेटी मी आणली. उशी सहदेवकडं राहिली. चंद्रभागाबाईनं आमची भाकर, सहदेवची उरलेली अन् ठेचा एका फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं, वरची आमची, खालची सहदेवची. म्हणाली, "दोघंही येडे हाय रे. तू खाय." गाडी निघाली. बाभळींवर तोच कापूस, तेच पांढरं पांढरं. मी वाटेत आमची भाकर खाल्ली, मग सहदेवची खाल्ली. मला काही फरक लागला नाही. एकाच वावरातली तं होती.

वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. गावच्या गुरुजींनी सांगून पाहिलं. मायनं जेवण सोडून पाहिलं. बाबांचं एकच, "तो मास्तर बलावन, मंग पाहू." आणि बोर्डिंगातून बोलावणं काही आलं नाही. फाल्गुनात मी औतामागं चालायला लागलो होतो. पुढल्या जूनला कोणी शाळेचं नाव काढलं नाही. पुढं कित्येक साल बाबा कापसाची गाडी घेऊन अमरावतीला गेले. मीही जायचो बरोबर. बोर्डिंग आलं की बाबा बैलांकडं पाहत. मान वळवत नसत. मी वळवायचो. लिंबाला तो रूळ दिसायचा.

आता लोक मला समजावून सांगतात. माझाच नातू, कॉलेजात शिकलेला, म्हणतो, आबा, तुमच्या बाबाला ज्वारीचं काही नव्हतं, त्यांना सहदेवआबाची ज्वारी नको होती. असेल. आमच्या घरी सहदेवच्या मायला पाणी वरून वाढत, हे मी लपवत नाही. पण दसऱ्याच्या सुट्टीत बाबांनीच सहदेवला माझ्याजवळ गाडीत बसवून गावी आणलं होतं, हेही लपवणार नाही. बाबाच्या मनात काय होतं हे सांगणारे फार झाले. बाबाला विचारलं कोणी नाही.

सहदेवला एकदा विचारलं होतं. सहदेव शिकला. अकोल्याला मास्तर झाला, हेडमास्तर होऊन घरी बसला. मला जे व्हायचं होतं ते तो झाला, तर मला त्याचा राग यावा, असं बऱ्याच जणांना वाटतं. येतो कधी कधी. पण दर पौषात त्याचा फोन येतो, "आली काय बे नवी?" अन् मी पोतं पोचवतो. तर मी विचारलं, तुले काय वाटते, माहा बाप ज्वारीसाठी उठला का जातीसाठी? सहदेव हसला. "तुहा बाप ज्वारीचाही होता अन् जातीचाही होता. दोन्ही होता. माणूस काय एकाच धान्याचा राह्यते?"

हेडमास्तर असं बोलतात. जवाब देऊन मोकळे.

यंदा सुनेशी भांडण झालं त्याच दुपारी त्याचा फोन आला. मी चिडलेला होतो. म्हटलं, "आली. पाठवतो. पन मिसळू नोको कशात." तो म्हणाला, "गुरुजीवानी बोलून राहिला लेका."

"कोन्या गुरुजीवानी?"

"आपल्या सुपरडंट गुरुजीवानी. तुह्या बापाचं पोतं त्यायनंबी मिसळू देल्लं नाई ना."

मी खाटेवर उठून बसलो. "कोन्तं पोतं?"

"कोन्तं म्हंजे? तुह्या बापानं रागात पेटी नेली, पोतं राह्यलं ना तिथंच. चंद्रभागाबाई कोठीत टाकाले निंगाली, तं गुरुजी म्हने, 'थांबा. ज्याची आहे तो मुलगा इथे जेवत नाही. त्याची ज्वारी आपल्याला खाता येणार नाही. वेगळी ठेवा. तो आला की काढू.' भिंतीले अलग उभं होतं. आमी त्याले किसन्याच म्हनो. किसन्या उभा हाय, किसन्याले धक्का नोका लावू."

"मंग?"

"मंग काय? तू आला नाई. उन्हाळ्यात तोंड सोडलं तं सोंडे झाले होते. परसात पसरवली. चिमण्यायनं खाल्ली."

"अन् हे तू मले आता सांगून राहिला? इतक्या वर्सानं?"

"तू इचारलं काय कधी?"

काय करावं या माणसांचं, सांगा राजेहो. गुरुजी त्या पोत्याकडं पाहत पोराची वाट पाहत बसले, अन् बाबा गावात बसून बोलावण्याची. मधे एका दिवसाची बैलगाडीची वाट. बाबांना जे पाहिजे होतं तेच झालं. त्यांची ज्वारी अलग राहिली, शेवटपर्यंत, कोणाच्या दाण्यात दाणा मिसळला नाही. बाबा जिंकले. फक्त खायला तिथं पोरगं नव्हतं. अन् हे ऐकायला आता बाबा नाहीत, सांगायला गुरुजी नाहीत, अन् मी असा कोरा राहिलो, की मेळाव्यात उभं राहून सांगायला माझ्याजवळ एक वरण होतं.

फोन ठेवला. ओसरीत ते पोतं अर्धं सोडलेलं तसंच पडलं होतं. सून दारात उभी, माझ्या तोंडाकडं पाहत. उन्हाच्या पट्ट्यात भुसा तरंगत होता.

"मामाजी, काय करू मंग? अलग ठेवू?"

मी म्हटलं, "टाक."

"जुन्या ड्रमात?"

"हो, टाक." ती पोतं ओढायला वाकली तशी मी आणखी म्हटलं, "पन ढवळू नोको."